पद्मिनीत जिप्सीचं इंजिन: कामाचा क्रम, मापं आणि चुकतं कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८६ची प्रीमियर पद्मिनी, कॉलम गिअर (दांडा स्टिअरिंगजवळ), पत्रा बरा, इंजिन तेल पितंय. मालकांना पुण्याहून कोकणात घरच्यांना घेऊन जायचंय. एसी हवा, पाच गिअर हवेत, गिअरचा दांडा खाली हवा आणि बाहेरून गाडी आहे तशीच दिसायला हवी. कोणतं इंजिन बसेल, काय काय बदलावं लागेल आणि आरटीओचं काय?

बसतं, आणि चांगलं बसतं. पण इंजिन बसवणं हा या कामातला सोपा भाग आहे. अशा अर्धवट पडलेल्या गाड्या बहुतेक एकाच कारणाने पडून असतात: आधी इंजिन आणलं, मग ब्रेक, वायरिंग, शाफ्ट आणि कागद यांच्यापाशी येऊन पैसे आणि उत्साह दोन्ही संपले. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी कागद, मग पत्रा, मग चाकं-ब्रेक, आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

कागदाचं आधी सांगतो, कारण ते नको असेल तर पुढचं वाचूच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलांशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि बदल केल्यापासून १४ दिवसांत तो कळवून आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला मंजुरी मिळेलच, असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो एजंट आहे. लेखी अर्ज करा, लेखी उत्तर घ्या आणि मगच गाडी खोला. दाता इंजिनाचा कागदही तितकाच महत्त्वाचा. ज्या गाडीतून ते निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा दाखला आणि इंजिन क्रमांक लिहिलेलं बिल हातात हवं. नुसत्या शब्दावर कुर्ल्याच्या भंगारातून उचललेलं इंजिन चोरीचं निघालं तर गाडीही जाते. विमा कंपनीलाही बदल कळवून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यायची, नाहीतर अपघाताच्या दिवशी दावा फेटाळायला त्यांना आयतं कारण मिळतं.

आणखी एक. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसतील तरच. तुमच्या गाडीला तो टप्पा २०३६ मध्ये येईल. इंजिन बदललंत की तो रस्ता बंद झाला असंच समजा. गाडी १९६४ ते १९७२ मधली फियाट ११०० डिलाइट असती आणि मूळ इंजिन जागेवर असतं, तर मी या कामाला साफ नाही म्हटलं असतं. ८६ सालच्या कॉलम गिअरच्या पद्मिनीबद्दल तेवढं सोवळं पाळायची गरज नाही.

आता इंजिन. पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसी, सुमारे ४० अश्वशक्ती, बिडाचा ब्लॉक. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, मागची चाकं ओढणारी. म्हणजे आपल्याला उभं, लांबीच्या दिशेत बसणारं इंजिन आणि मागे शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) देणारा गिअरबॉक्स हवा. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांची इंजिनं त्यांच्या स्वतःच्या गिअरबॉक्ससकट आपल्या कामाची नाहीत. भारतात मिळणारे पर्याय तीनच.

पहिला, प्रीमियर ११८एनईचं निसान ए१२, ११७१ सीसी, चार गिअर. ताकद थोडीच वाढते, पण इंजिन प्रीमियरच्याच गाडीतलं असल्याने आरटीओत बाजू मांडायला सगळ्यात सोपं. शेवटच्या काळातल्या पद्मिनींना कंपनीनेच निसानचा फ्लोअर गिअरबॉक्स दिला होता, त्यामुळे दांडा कुठे येतो, बोगदा (फ्लोअरचा मधला उंचवटा, ज्याखाली गिअरबॉक्स बसतो) कसा कापायचा याचा नमुना तयार आहे. अडचण सुट्या भागांची. चांगल्या स्थितीतलं इंजिन शोधावं लागतं.

दुसरा, मारुती जिप्सी किंगचं जी१३बीबी: १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन), ८० अश्वशक्ती, १०३ न्यूटन-मीटर. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगवेगळे असतात, मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. ट्रान्सफर केस बाजूला काढली की हातात उरतो तो सरळ मागे शाफ्ट देणारा, पाच गिअरचा, मजबूत गिअरबॉक्स. तुमच्या यादीत हेच बसतं.

तिसरा, व्हर्सा किंवा ईको. दोन्ही मागची चाकं ओढणाऱ्या, पण इंजिन सीटखाली एका बाजूला कलवून बसवलेलं आणि गिअरचा दांडा लांबून जोडलेला. पद्मिनीच्या बॉनेटखाली ते सरळ करायचं म्हणजे संप (इंजिनाखालची तेलाची परात), मॅनिफोल्ड, माउंटिंग सगळं नव्याने. जिप्सीचं मिळत असेल तर या भानगडीत पडू नका. जिप्सीचं इंजिन खराब आणि गिअरबॉक्स चांगला, असा योग आला तर एस्टीमचं जी१३ त्याच गिअरबॉक्सवर चढतं. मात्र संप, मॅनिफोल्ड आणि इंजिनाचे पाय जिप्सीचे लावावे लागतात.

डिझेलचं नाव काढू नका. प्रीमियरने स्वतः १३६६ सीसीचं डिझेल पद्मिनीत घातलं होतं. आवाज आणि थरथर ज्यांनी अनुभवली ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

दाता इंजिन घेताना कॉम्प्रेशन मोजूनच घ्या. गरम इंजिन, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. चांगल्या जी१३ला १४ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास आकडा येतो. १२च्या खाली गेलं की घेऊ नका आणि दोन सिलिंडरमधला फरक एक किलोपेक्षा जास्त नको. इंजिनासोबत ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक), पूर्ण वायरिंग लूम, फ्यूज-रिले बॉक्स, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर आणि त्याचं ब्रॅकेट, क्लच केबल, गिअरबॉक्समागचा तो आखूड शाफ्ट आणि टाकीतला पंप हे सगळं त्याच गाडीतलं घ्या. लूम कापून देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. कनेक्टरला कापलेल्या वायरीचा तुकडा दिसला की पुढचे पंधरा दिवस मल्टिमीटर घेऊन बसायची तयारी ठेवा. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकची पुढची-मागची सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलून टाका. गाडीत बसल्यावर मागचं सील गळायला लागलं तर तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

पत्रा. पद्मिनी मोनोकॉक आहे, वेगळी चासी नाही, त्यामुळे जोर सगळा पत्र्यानेच घ्यायचा. दारांखालचे सिल, जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे हँगर, पुढच्या क्रॉसमेंबरचे बोल्ट आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, इथे अंडरकोट खरवडून टोचा हाणा. अंडरकोटवर विश्वास नको, त्याखाली गंज वर्षानुवर्षं शांतपणे काम करत असतो. सडलेला भाग कापून १.२ मिमीचा पत्रा जोडायचा. त्यावर नुसता पत्रा चढवून पुट्टी भरायची नाही. हँगरजवळ पत्रा कमजोर राहिला तर नव्या इंजिनाच्या ओढीने तिथेच तडा जाईल.

चाकं आणि ब्रेक इंजिनाच्या आधी पूर्ण करा, आणि मूळ इंजिनावरच चालवून पाहा. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: ८०वरून १००वर गेलात की ब्रेकला दीडपटीहून जास्त उष्णता पचवावी लागते. चारही चाकांना ड्रम, एकच हायड्रॉलिक सर्किट, बूस्टर नाही, हा मूळ संच वरंध किंवा आंबा घाट उतरताना ४० अश्वशक्तीलाही पुरत नव्हता. पुढे डिस्क लावायच्याच.

पद्मिनीच्या हबवर कुठलीही तयार डिस्क थेट बसत नाही. हब लेथवर उतरवून त्याच्या मापाची, १० ते १२ मिमी जाडीची डिस्क मागून बसवायची आणि कॅलिपरचं ब्रॅकेट १२ मिमी प्लेटमधून कापून, ड्रमची बॅकप्लेट जिथे बोल्टने बसते त्याच भोकांवर घ्यायचं. स्टब अॅक्सलवर वेल्डिंग करायचं नाही. ते फोर्जिंग आहे, वेल्डच्या कडेला ठिसूळ होतं आणि काही हजार किलोमीटरनंतर तडकतं. ब्रॅकेटचे बोल्ट १०.९ ग्रेडचे. कॅलिपर आणि रिम यांत सगळीकडे किमान ३ मिमी मोकळीक हवी. चाकाचं संतुलन करणारी शिसाची चिपटी आतून लावली तर तीच कॅलिपरला घासते, म्हणून वजनं बाहेरून. हे काम नीट करणारे लेथवाले पुण्यात आहेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर हवे तेवढे.

मास्टर सिलिंडर टँडम (दोन वेगळ्या सर्किटचा) घ्या, पाऊण इंच बोअरचा, व्हॅक्यूम बूस्टरसकट. एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांना नडते. ड्रमसाठी बनवलेल्या काही मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड कायम घासतात, दहा किलोमीटरनंतर रिम हाताला चटका देतं आणि सगळे कॅलिपरला दोष देतात. मागचे ड्रम तसेच ठेवा, पण मागच्या लाइनवर दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह टाका. ओल्या मोकळ्या मैदानात ४०च्या वेगाने जोरात ब्रेक दाबून पाहा: पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत. मागची आधी लॉक झाली तर गाडी गोल फिरते.

टायर १५५/८० आर१४ रेडियल पुरतात. किंगपिन बुश तपासताना जॅक खालच्या विशबोनखाली लावा आणि चाक वरून-खालून हलवा. खुळखुळ जाणवली तर बुश नवे टाकून रीमर मारायचा. मूळ पुस्तकातला टो-इन (पुढची चाकं किती आत वळलेली ठेवायची ते माप) त्या काळच्या क्रॉसप्लाय टायरसाठी आहे, रेडियलला तो जास्त होतो. टायरच्या कडा झिजतात.

आता इंजिन. पहिल्यांदा रिकामा ब्लॉक, हेड आणि गिअरबॉक्स एवढंच जोडून गाडीत उतरवा. भरलेलं इंजिन घेऊन मापं काढायला गेलं की प्रत्येक वेळी घोडी, चेनपुली आणि तीन माणसं लागतात. गाडी चार स्टँडवर लेव्हलमध्ये, सस्पेन्शनवर वजन टेकलेलं. गिअरबॉक्स पुढून बोगद्यात सरकवायचा आणि ब्लॉक लाकडी ठोकळ्यांवर ठेवून हलवत राहायचं.

इथे पाच जागा एकमेकांशी भांडतात: संपचा खोल भाग आणि पुढचा क्रॉसमेंबर, हेडचं मागचं टोक आणि फायरवॉल, मॅनिफोल्ड आणि उजवीकडचा स्टिअरिंग बॉक्स, पुढची पुली आणि रेडिएटर, इनटेकची वरची बाजू आणि बॉनेट. इंजिन थोडं मागे न्यायचा मोह होतो, वजनाचा तोल सुधारतो म्हणून. पण हेडच्या मागच्या टोकाला सेन्सर आहे. तिथे हात आणि पाना जाईल इतकी, म्हणजे निदान ४० मिमी जागा ठेवा. संप आणि क्रॉसमेंबर यांत २५ मिमी हवेत, कारण इंजिन रबरांवर डोलतं. स्थिर उभ्या गाडीत १० मिमी पुरेसे वाटतात आणि पहिल्या गतिरोधकावर संप ठोकला जातो. संप आडवाच येत असेल तर संप कापून खोली मागे-पुढे करा. क्रॉसमेंबर कापू नका, त्यावर सस्पेन्शन टांगलेलं आहे. संप बदलला की तेल ओढणारी नळी आणि गाळणीही त्याच मापाने हलवायची, आणि गाळणी व संपचा तळ यांत ८ ते १० मिमी अंतर ठेवायचं.

बॉनेटखाली किती जागा उरली हे डोळ्याने कळत नाही. इनटेकच्या सगळ्यात उंच भागावर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे दोन-तीन गोळे ठेवा, बॉनेट हळू बंद करा, उघडा आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी व्हर्नियरने मोजा. २० मिमीपेक्षा कमी आली तर पाय खाली घ्या. बाहेरून गाडी तीच दिसायला हवी असेल तर बॉनेटवर फुगवटा काढणं हा पर्याय नाही.

इंजिन गाडीच्या मध्यरेषेत आणि मागे ३ ते ४ अंश उतरतं ठेवा. कोन गिअरबॉक्सच्या मशिन केलेल्या तोंडावर डिजिटल लेव्हल लावून मोजा, संपच्या पत्र्यावर नाही. मग माउंटिंग. पाय ५ ते ६ मिमी प्लेटचे, रबर जिप्सीचे, आणि पाय क्रॉसमेंबरवर किंवा मुख्य लाँगमेंबरवर. मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर पाय वेल्ड केलेले पाहायला मिळतात. तो पत्रा सव्वा मिलिमीटरचाही नसतो. आधी टॅक मारायचे, इंजिन-गिअरबॉक्स बोल्टने कसून पाहायचं, पुन्हा काढायचं, आणि पूर्ण वेल्डिंग इंजिन बाहेर असताना करायचं. गाडीत वेल्डिंग करायची वेळ आलीच तर बॅटरी सोडवा, ईसीयूचे प्लग काढा.

गिअरबॉक्सखाली आडवा क्रॉसमेंबर बोल्टने काढता येईल असा करा. बोगदा दांड्याभोवती कापावा लागतो. कापलेल्या जागी नुसता पातळ पत्रा ठेवू नका, कडेने चौकट द्या आणि वरचं झाकण स्क्रूचं ठेवा म्हणजे पुढे दांड्याचा बुश बदलायला गालिचा उचलला की पुरे. पुढची सलग सीट तशीच ठेवणार असाल तर तिसऱ्या आणि पाचव्या गिअरला दांडा कुठवर पुढे जातो, आणि दुसऱ्या-चौथ्याला सीटला लागतो का, हे बोगदा बंद करायच्या आधी बघा. जिप्सीचा क्लच केबलवर चालतो, म्हणून फायरवॉलवर केबल धरायला वेगळी प्लेट द्या. तिथला पत्रा लवचिक राहिला तर पेडल दाबताना तोच वाकतो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना करकर होते.

अॅल्युमिनियमचा ब्लॉक बिडाच्या ब्लॉकपेक्षा हलका, त्यामुळे गाडीचं नाक थोडं वर येतं. स्प्रिंग लगेच कापायला घेऊ नका. एसी, रेडिएटर, बॅटरी सगळं चढल्यावर आणि दोनेकशे किलोमीटर चालल्यावर उंची मोजा, मग अलाइनमेंट.

मागचा अॅक्सल मूळचाच ठेवा. जिप्सीचा अॅक्सल बसवावा असं सुचतं, पण तो रुंद आहे आणि त्याचा गोळा (डिफरन्शियल) मध्यावर नसून एका बाजूला आहे. पद्मिनीच्या बोगद्याशी त्याचं जुळत नाही. तुमच्या गोळ्याचं प्रमाण मोजून घ्या: एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फेरे फिरला ते खडूच्या खुणेने मोजा. तो आकडा म्हणजेच प्रमाण. ते ४.३ आलं असं धरू. १५५/८० आर१४ टायर एका फेऱ्यात साधारण १.८४ मीटर जातो. ताशी ८० किमीला चाकाचे मिनिटाला सुमारे ७२५ फेरे, शाफ्टचे ३,११५. जिप्सीचा चौथा गिअर थेट आहे, म्हणजे इंजिनही ३,११५वर. पाचवा ०.७९५ आहे, म्हणजे २,४७५. १००ला हेच आकडे ३,९०० आणि ३,१०० होतात. याच कारणाने पाचवा गिअर घ्यायचा. महामार्गावर गाडी ओरडत नाही. या इंजिनाचा कमाल टॉर्क ४,५०० फेऱ्यांना येतो, खाली ते जरा सुस्त आहे, पण पहिला गिअर ३.६५२ आणि मागे ४.३ असल्यावर चढावर अडत नाही. उतरताना मात्र पाचवा विसरा. जो गिअर टाकून चढलात तोच टाकून उतरा.

शाफ्ट नव्याने बनतो. पुढचं टोक जिप्सीच्या आखूड शाफ्टचं, गिअरबॉक्सकडच्या बाजूचं. मागचा फ्लँज पद्मिनीचा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. नव्वद अंशांनी फिरून वेल्ड झाले तर कितीही बॅलन्स करा, थरथर जात नाही. गिअरबॉक्सचा कोन आणि पिनियनचा (गोळ्यात शिरणाऱ्या दांड्याचा) कोन यांत एक अंशापेक्षा जास्त फरक नको, आणि प्रत्येक जॉइंट १ ते ३ अंशांत काम करायला हवा. अगदी शून्य अंशही वाईट, जॉइंटच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी बसून कपात खड्डे पाडतात. बॅलन्सिंग ५,००० फेऱ्यांना करून घ्या. ५० ते ७०च्या वेगात पायाखाली गुणगुण आली आणि न्यूट्रल टाकून इंजिन मंद ठेवल्यावरही तशीच राहिली, तर दोष इंजिनात नाही, शाफ्ट किंवा कोनांत आहे. मागच्या पाट्यांचे बुश नवे टाका, पाट्या गरज असेल तर बाक देऊन घ्या, पण जादा पाटा घालू नका. पाटे कडक झाले की मागचं चाक थडथडतं.

इथे एक अनपेक्षित अडचण येते. जिप्सीत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, आणि ती तर आपण काढली. मूळ डायल ठेवायचा असेल तर शाफ्टच्या फ्लँजवर चुंबक, बाजूला सेन्सर, आणि त्याच्या स्पंदनांवर केबल फिरवणारी छोटी मोटर असा संच करावा लागतो. तोच सिग्नल ईसीयूलाही द्या. वेगाचा सिग्नल नसेल तर इंजिन चालतं, पण सिग्नलला थांबताना आयडल खाली-वर होत राहतं आणि इंजिनाचा दिवा लागतो.

इंधन. कार्बोरेटरच्या पंपाचा दाब पाव बारच्या घरात, इंजेक्शनला जवळपास तीन बार. जुनी लाइन आणि जुने पाइप पूर्ण बाद. इंजेक्शनसाठीचाच पाइप, तसलेच क्लिप, टाकीकडे परत येणारी दुसरी लाइन. टाकीतला पंप बसवायला टाकीला भोक पाडून रिंग वेल्ड करावी लागते, आणि हे काम टाकी उतरवून, वाफेने धुऊन, तोंडापर्यंत पाणी भरून करणाऱ्याकडेच द्या. महिनाभर रिकाम्या पडलेल्या टाकीतही स्फोट होण्याइतकी वाफ असते. टाकी आतून गंजलेली असेल तर नवीनच बनवा; हल्लीच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने जुना थर सुटून फिल्टर तुंबतो. पंपाची वायर ईसीयूच्या रिलेतूनच घ्या. थेट इग्निशनवर घेतली तर अपघातानंतर इंजिन बंद पडूनही पंप पेट्रोल ओतत राहतो.

वायरिंगमध्ये जिप्सीचा लूम आणि पद्मिनीची दिव्यांची वायरिंग वेगळीच राहू द्या. दोघांचा संबंध बॅटरी, इग्निशन आणि अर्थ एवढ्यापुरता. ईसीयू केबिनमध्ये, पायाला पाणी लागणार नाही इतका वर. इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते इंजिन अशा दोन जाड अर्थ पट्ट्या हव्यात, २५ चौरस मिमीच्या. ही पट्टी राहून जाणं ही नव्याने बसवलेल्या इंजिनांमधली फार नेहमीची चूक. स्टार्टरचा करंट मग मिळेल त्या वाटेने परततो: थ्रॉटलची नाहीतर क्लचची केबल. दोन-चार सेल्फनंतर केबलवर हात ठेवलात तर गरम लागते; आतलं अस्तर वितळून ती अडकायला लागली की लोक केबल बदलत बसतात.

रेडिएटर एस्टीमच्या मापाचा अॅल्युमिनियमचा बसतो, पट्टे मात्र नवीन करावे लागतात. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडची सवय इथे नको. इंजिन थंड राहिलं की ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो. रेडिएटरची टोपी इंजिनातल्या पाण्याच्या सर्वांत उंच जागेपेक्षा खाली जात असेल तर वर वेगळी टाकी द्या, नाहीतर हेडमध्ये हवा अडकते आणि काटा अचानक उडी मारतो. हीटर लावणार नसाल तर त्याच्या दोन तोट्यांना बूच मारू नका, एका पाइपने एकमेकींना जोडा. एसीचा कंडेन्सर रेडिएटरपुढे आला की पद्मिनीच्या जाळीतून येणारी हवा कमी पडते, म्हणून रेडिएटरच्या पंख्याला मागून पूर्ण झाकणारी कव्हर-चौकट हवीच. पंख्याला स्वतंत्र रिले, ३० अँपिअर फ्यूज.

पहिल्यांदा सुरू करताना पंपाचा फ्यूज काढा, तेलाचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं सेल्फ मारा, मग फ्यूज लावून इग्निशन दोन-तीनदा चालू-बंद करा आणि इंधनाच्या प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवा. नंतरच सुरू. पहिल्या ५० किलोमीटरनंतर इंजिनाचे पाय, शाफ्टचे बोल्ट, पाट्यांचे यू-बोल्ट, कॅलिपर ब्रॅकेट आणि एक्झॉस्ट पुन्हा कसा. ५०० किलोमीटरला परत एकदा, आणि त्याच वेळी तेल व फिल्टर बदला. तोवर घाटात जाऊ नका.

काढलेलं मूळ इंजिन आणि कॉलम गिअरचा पूर्ण संच विकू नका. पाणी काढून, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल टाकून क्रँक हाताने फिरवा, प्लग परत लावा, इनटेक-एक्झॉस्टची तोंडं बंद करा आणि जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी क्रँक अर्धा फेरा फिरवा. इंजिन क्रमांक दिसेल असा त्याचा फोटो आरटीओच्या कागदांसोबत फायलीत लावा.